पायी आणि सायकलने कामावर जाणाऱ्या सोलापूरसाठी : महापालिका आयुक्त व पोलीस आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त, सोलापूर महानगरपालिका, इंद्रभुवन, सोलापूर
आणि
मा. पोलीस आयुक्त, सोलापूर शहर

विषय : पादचारी आणि सायकलस्वार यांच्यासाठी शहरातील रस्ते सुरक्षित करण्याबाबत

महोदय,

सायकलचा विषय निघाला की हल्ली प्रशासनाच्या डोळ्यांसमोर रविवारची सकाळ उभी राहते. एकसारखे टी-शर्ट, पार्क चौकातले छोटेसे व्यासपीठ, झेंडी दाखवायला आलेले पाहुणे आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रातला फोटो. त्या फेरीबद्दल माझी तक्रार नाही. जे येतात ते उत्साहाने येतात. पण सोलापूरची सायकल मुख्यतः सकाळच्या पाळीला निघालेल्या यंत्रमाग कामगाराची आहे. तिच्या कॅरिअरला जेवणाचा डबा बांधलेला असतो आणि तिला बहुधा दिवा नसतो. ती बिगाऱ्याची आहे, दूधवाल्याची आहे, शिकवणीला जाणाऱ्या मुलांची आहे. पायी चालणाऱ्यांत होम मैदानावर फेऱ्या मारणारे आपण सगळे आहोतच, पण त्यांच्या कितीतरी पट वळलेल्या विड्या घेऊन कारखान्याच्या ब्रँचकडे निघालेल्या आणि पान-तंबाखू घेऊन परतणाऱ्या बायका आहेत. रिक्षाचे भाडे रोजच्या मजुरीतून काढणे परवडत नाही आणि सिटी बसचा भरवसा नाही, म्हणून ही माणसे चालतात आणि पॅडल मारतात. रस्त्याचे नियोजन करताना, अंदाजपत्रक मांडताना आणि वाहतुकीचे आदेश काढताना या माणसाला आधी धरावे, वाहनांना जागा देऊन जे उरेल त्यात त्याला बसवू नये, एवढे मागण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

देशपातळीवरची स्थिती आपल्याला ठाऊक आहे. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली आणि त्यांपैकी ३२,८२५ पादचारी होते. म्हणजे मृतांपैकी जवळजवळ दर पाचवा माणूस कोणत्याही वाहनात बसलेला नव्हता. आपल्याकडची रस्ता सुरक्षा मोहीम मात्र हेल्मेट, परवाना आणि दंडाच्या पावतीभोवती फिरते. हेल्मेटची सक्ती योग्यच आहे, पण रस्ता ओलांडणाऱ्या आजींना त्याचा काही उपयोग नाही.

सोलापूरच्या बाबतीत एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. १९९२ च्या हद्दवाढीनंतर शहराचे क्षेत्रफळ सुमारे १७८ चौरस किलोमीटर झाले आणि जुळे सोलापूर, सैफुल, होटगी रोड, शेळगीपर्यंत वस्ती पसरली, तरी माणसे जिथे राहतात आणि जिथे कामाला जातात ती ठिकाणे फारशी लांब नाहीत. पूर्व भागातल्या पेठांतून अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत जायला सायकल पुरते. शहर बहुतांशी सपाट आहे. पुण्या-मुंबईसारखे चढ आणि उड्डाणपुलांची जाळी इथे नाहीत. गिरण्या चालू असताना भोंग्यावर घड्याळ लावणारे हे शहर पायी आणि सायकलवरच कामाला जात होते. त्या वेळचे दिवस परत आणा असे कोणी म्हणत नाही. ज्यांनी सायकल सोडलेली नाही त्यांचा जीव रोज टांगणीला लागू नये, इतकेच म्हणणे आहे.

माझ्या समजुतीप्रमाणे शहरात दोन जातीचे रस्ते आहेत आणि दोन्हींवर एकच उपाय चालणार नाही. बाळीवेस, टिळक चौक, मधला मारुती, कोंतम चौक, नवी पेठ हा जुना गावठाणाचा भाग घ्या. इथे स्वतंत्र सायकल मार्गाची मागणी करणे म्हणजे जागा नसलेल्या ठिकाणी रंगाचे डबे ओतणे होय. इथला उपाय वेगमर्यादा हा आहे. केंद्र सरकारच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार महापालिका हद्दीतल्या रस्त्यांवर मोटारींना ताशी ७० आणि दुचाकींना ताशी ६० किलोमीटरपर्यंत मुभा आहे. कोंतम चौकात ताशी साठचा वेग कायदेशीर मानायचा असेल तर बोलणेच खुंटले. परंतु ही अधिसूचना ज्या मोटार वाहन कायद्याखाली निघाली, त्याच कायद्याच्या कलम ११२ नुसार एखाद्या भागासाठी यापेक्षा कमी मर्यादा ठरवण्याचा अधिकार राज्य शासनाला आणि त्याने नेमलेल्या प्राधिकरणाला आहे. ज्या रस्त्यांवर पादचारी, सायकली आणि मोटारी एकत्र चालतात तिथे ताशी ३० किलोमीटरची मर्यादा असावी, हे रस्ता सुरक्षेवरील फेब्रुवारी २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात जगभरच्या प्रतिनिधींनी मान्य केले आहे. त्यामागचे गणित शाळकरी आहे. वेग तीसवरून पन्नासवर गेला की गाडीच्या आघातातली ऊर्जा जवळपास पावणेतीनपट होते. चालकाच्या लक्षात येऊन पाय ब्रेकवर पडेपर्यंत एकच सेकंद गेला असे धरले, तरी तीसच्या वेगात गाडी आठ मीटर आणि पन्नासच्या वेगात चौदा मीटर पुढे गेलेली असते. नवी पेठेत समोरच्या दुकानातून मूल धावत आले तर तेवढी मोकळी जागा असतेच कुठे?

वेगमर्यादेचा फलक लावून वेग कमी होत नाही, याची मला कल्पना आहे. त्यासाठी रस्त्याची रचनाच तशी करावी लागते : गल्लीचे तोंड अरुंद करणे, वळणाचा कोपरा कमी गोल ठेवणे, शाळा आणि दवाखान्यासमोर झेब्रा पट्टेच पदपथाच्या उंचीवर उचलून घेणे. गतिरोधकांचे म्हणाल तर शहरात ते गल्लोगल्ली आहेत, पण त्यांतले बहुतेक हे रात्रीतून टाकलेले डांबराचे उंचवटे आहेत. रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा, म्हणजे ताशी पंचवीसच्या वेगाने येणारी गाडी त्यावरून न आदळता जाते. आपल्याकडचा अरुंद आणि टोकदार उंचवटा मोठ्या चाकांच्या गाडीला जाणवतही नाही. तो आदळतो सायकलस्वाराच्या कमरेला आणि रिक्षात बसलेल्या गरोदर बाईला. वर त्याला पांढरे पट्टे नाहीत, त्यामुळे रात्रीच्या पाळीहून परतणाऱ्याला तो दिसतो तो चाक त्यावर चढल्यावरच.

दुसऱ्या जातीचे रस्ते म्हणजे विजापूर रोड, होटगी रोड, अक्कलकोट रोड आणि हैदराबाद रोड. इथे रुंदी आहे, वेग आहे आणि जड वाहने आहेत, म्हणून इथे सायकलस्वाराला मोटारींपासून वेगळे करण्यावाचून गत्यंतर नाही. कडेला पांढरी रेघ ओढून तिच्या आत सायकलचे चित्र काढणे म्हणजे वेगळे करणे नव्हे, कारण संध्याकाळपर्यंत त्या चित्रावर चारचाकी उभी असते. मधे कठडा हवा, निदान काँक्रीटचे ठोकळे किंवा झाडांची ओळ हवी.

या रस्त्यांवर सायकलस्वार ज्या पट्ट्यातून चालतो त्या डाव्या कडेच्या दीड-दोन मीटरकडे आपण एकदा मुद्दाम पाहावे, अशी विनंती आहे. जलवाहिनी असो, ड्रेनेज असो की केबल, चर खणायची ती याच कडेला. काम झाले की चर मुरमाने बुजवून त्यावर खडी पसरली जाते, पहिल्या पावसात ती बसते आणि रस्त्याच्या लांबीला समांतर अशी एक नाळ तयार होते. मोटारीला तिचे काही नाही. सायकलचे पुढचे चाक एकदा त्या नाळेत उतरले की हँडल वळत नाही आणि माणूस उजवीकडे, म्हणजे मागून येणाऱ्या ट्रकच्या बाजूला पडतो. दुसरी गोष्ट पावसाळी चेंबरवरच्या लोखंडी जाळ्यांची. जाळीच्या पट्ट्या वाहतुकीला आडव्या असल्या तर चाक वरून जाते; उभ्या असल्या आणि त्यांत दोन बोटांची फट असली तर सायकलचे अरुंद टायर सरळ आत शिरते. कित्येक ठिकाणी जाळ्या उभ्या बसवल्या आहेत. त्या उचलून काटकोनात फिरवायला निविदा काढावी लागत नाही, एक अभियंता आणि चार माणसे पुरतात. खोदकामाला परवानगी देताना रस्ता पूर्ववत करण्याचे शुल्क महापालिका आकारते. मग चर बुजवल्यावर एक पावसाळा उलटल्याशिवाय आणि प्रत्यक्ष पाहणीत कड सपाट आढळल्याशिवाय संबंधित यंत्रणेची अनामत परत करू नये. उत्सवाच्या मांडवांसाठी रस्त्यात पाडलेल्या खड्ड्यांनाही हाच नियम लावायला हरकत नसावी. पण तो लावायचा तर सगळ्यांच्या मांडवांना सारखा लावावा लागेल, आणि तिथेच घोडे अडते.

हंगामाचाही विचार करावा लागेल. कांद्याची आवक वाढली की मार्केट यार्डाच्या बाहेर हैदराबाद रोडवर ट्रकांची रांग लागते, आणि विडी घरकुल वसाहतीच्या दिशेने चालणारी माणसे त्या रांगेच्या बाहेरून, थेट धावत्या वाहतुकीत जातात. गाळप हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर होटगी रोडने जातात. बाहेर आलेल्या उसाने मागचे दिवे झाकलेले असतात आणि परावर्तक पट्टी असलीच तर धुळीने माखलेली असते. अंधारात अशी ट्रॉली कडेला उभी असेल तर बिनदिव्याच्या सायकलला ती दिसत नाही आणि सायकल कोणालाच दिसत नाही. हंगाम सुरू होण्यापूर्वी ट्रॉल्यांची तपासणी पोलीस आणि परिवहन विभागाने कारखान्याच्या दारातच केली, तर रस्त्यावर वाहने अडवण्याची वेळ येणार नाही. जड वाहनांसाठी केगाव-हत्तूर बाह्यवळण आहे. ज्या वाहनाला सोलापुरात माल उतरवायचा नाही, त्याने शहरात का शिरावे, याचे उत्तर प्रत्येक नाक्यावर विचारले गेले पाहिजे, आणि ज्याला माल उतरवायचा आहे त्याच्यावरची वेळेची बंदी शाळा सुटण्याच्या तासाला तरी शिथिल होता कामा नये.

आता पदपथ. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की चालण्यायोग्य पदपथ मिळणे हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने पादचारी आणि बिगरमोटार वाहनांसाठी मोटार वाहन कायद्याच्या कलम १३८(१-अ) खाली नियम करायला राज्यांना सहा महिन्यांची मुदत दिली. तेव्हा पदपथ ही उरल्यासुरल्या निधीतून करायची सुशोभीकरणाची बाब राहिलेली नाही. इंडियन रोड्स काँग्रेसचे मानकही उपलब्ध आहे : चालण्यासाठी किमान १.८ मीटर रुंद आणि २.२ मीटर उंच अशी अडथळामुक्त जागा, आणि पदपथाची कड रस्त्यापासून १५ सेंटिमीटरपेक्षा उंच नको. या मापाची पट्टी घेऊन आपल्या कोणत्याही मुख्य रस्त्यावर शंभर पावले चालून पाहावे. आधी विजेची डीपी लागते, मग शुभेच्छा फलकाची चौकट, मग दुकानदाराने गाडी चढवायला केलेला सिमेंटचा उतार, मग एक निखळलेला पेव्हर ब्लॉक, आणि त्यानंतर फूटभर उंचीवरून एकदम खाली उतरलेली कड. गुडघे दुखणारा माणूस असा चढउतार करण्यापेक्षा रस्त्यावरूनच चालतो, आणि मग लोक पदपथ वापरत नाहीत म्हणून ते बांधण्यात अर्थ नाही, असा निष्कर्ष काढला जातो. रंगभवन आणि होम मैदानाच्या परिसरात स्मार्ट सिटीच्या निधीतून रस्ते नव्याने बांधले गेले. २०१६ च्या पहिल्या वीस शहरांच्या यादीत सोलापूर होते याचा आम्हालाही अभिमान वाटला होता. पण ते काम त्या पट्ट्याच्या पलीकडे, अशोक चौकात किंवा कन्ना चौकात पोहोचले नाही.

पदपथावरच्या अतिक्रमणाचा विषय निघाला की पहिली गाडी उचलली जाते ती भाजीवाल्या मावशींची. हे न्याय्य नाही आणि उपयोगाचेही नाही. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार नगर पथविक्रेता समितीत विक्रेत्यांचे प्रतिनिधी किमान चाळीस टक्के असावे लागतात, सर्वेक्षण करावे लागते आणि विक्रीच्या जागा ठरवून द्याव्या लागतात. ते काम नीट केले तर विक्रेता आणि पादचारी दोघेही मावतात. जिथे चालणारे जास्त तिथेच गिऱ्हाईक जास्त, हे विक्रेत्याला कोणी शिकवावे लागत नाही. पदपथ खरा खातात ते उभ्या केलेल्या दुचाकी आणि पुढे सरकलेले पक्के ओटे. त्यांना हात लावताना फोन येतात, हे आपणही जाणता.

सोलापूरच्या रस्त्यांविषयी बोलताना सावलीची गोष्ट टाळता येत नाही. एप्रिल-मे महिन्यात इथे तापमान बेचाळीस-त्रेचाळीस अंशांवर जाते. त्या उन्हात उघडा पदपथ कितीही रुंद असला तरी माणूस त्यावरून चालणार नाही. तो समोरच्या बाजूच्या इमारतींच्या सावलीकडे जाण्यासाठी रस्ता मधेच ओलांडेल. म्हणून कडुलिंबाचे उभे झाड रुंदीकरणात कापू नये, पदपथ त्याच्याभोवती वळवावा, आणि नव्या पदपथाच्या प्रत्येक अंदाजपत्रकात झाडे व त्यांना तीन वर्षे पाणी घालण्याचा खर्च धरावा. रोज पाणी न येणाऱ्या शहरात झाडांना पाणी कुठून, असे कोणी विचारील. प्रक्रिया केलेले सांडपाणी त्यासाठी वापरता येईल.

चौकांबद्दल मुख्यतः पोलीस आयुक्तांना सांगायचे आहे. सात रस्ता, आसरा चौक, सरस्वती चौक अशा ठिकाणी पादचाऱ्याने नेमके केव्हा ओलांडायचे, हे सिग्नलवरून कळत नाही. एका बाजूची वाहने थांबली की दुसऱ्या बाजूची सुटतात आणि डावीकडे वळणारी तर थांबतच नाहीत. धडधाकट माणूस सेकंदाला सुमारे १.२ मीटर चालतो असे धरले तर चौदा मीटर रस्ता ओलांडायला बारा सेकंद लागतात. काठी टेकत चालणाऱ्याला सतरा-अठरा. प्रत्येक फेरीत इतके सेकंद चारही बाजूंची वाहने थांबवून पादचाऱ्यांना द्यावेत, डावे वळणही त्यात बंद ठेवावे, आणि जिथे दुभाजक आहे तिथे मधे थांबायला सुरक्षित जागा ठेवावी. सिग्नल नसलेल्या झेब्रा पट्ट्यांवर पादचारी असेल तर वाहनाने थांबून त्याला वाट द्यावी, हा २०१७ च्या मोटार वाहन चालनविषयक विनियमांतला नियम आहे. त्यासाठी एखाद्या तरी चौकात महिनाभर कारवाई झाली तर लोकांना नियम कळेल.

धोक्याच्या जागा ठरवण्याची प्रचलित पद्धतही शहराला पुरेशी नाही. राष्ट्रीय महामार्गांसाठीच्या व्याख्येप्रमाणे पाचशे मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत जीवघेणे किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात किंवा दहा मृत्यू झाले की तो ब्लॅक स्पॉट. म्हणजे जागेला धोकादायक म्हणवून घ्यायला आधी तेवढे बळी द्यावे लागतात. शहरात पादचाऱ्यांना लागणारे धक्के विखुरलेले असतात, आणि हात मोडलेला कामगार पोलीस ठाण्याऐवजी हाडवैद्याकडे जातो. अपघातांची नोंद आता आयरॅड या सरकारी संगणकीय प्रणालीत ठिकाणाच्या अक्षांश-रेखांशासह होते. त्या नोंदींमधून व्यक्तींची नावे काढून, पादचारी आणि सायकलस्वारांच्या अपघातांचा नकाशा आपण दर तिमाहीला प्रसिद्ध करावा. त्याच्या जोडीने महापालिकेने निवडक ठिकाणी माणसांची मोजणी करावी. वाहनांची मोजणी रस्ता रुंद करण्याआधी होतेच; सकाळी सात ते दहा या वेळात अशोक चौकातून पायी किती गेले आणि सायकलवर किती गेले, हे मोजायला महाविद्यालयाचे विद्यार्थी पुरेसे आहेत.

हे सगळे आपल्या यंत्रणेला जमणार नाही, असे मी मानत नाही. कोजागिरीच्या सुमारास लाखो भाविक सोलापूरहून तुळजापूरला रात्रभर चालत जातात. त्या दिवसांत महामार्ग वाहनांसाठी बंद होतो, वाहतूक दुसऱ्या मार्गाने वळते, बंदोबस्त लागतो, पाण्याची आणि औषधोपचाराची सोय होते. चालणाऱ्याला अग्रक्रम द्यायचा म्हणजे काय करायचे, हे जिल्ह्यातल्या प्रत्येक अधिकाऱ्याला त्यामुळे अनुभवाने माहीत आहे. भाविक म्हणून रस्त्यावर उतरलेल्या माणसाला मिळणारी काळजी त्यालाच कामगार म्हणून निघाल्यावरही मिळावी, अशी अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.

सुरुवात कुठून करायची असा प्रश्न असेल तर माझे सुचवणे अशोक चौक ते अक्कलकोट रोड एमआयडीसी या एका मार्गाचे आहे. संपूर्ण शहराचा आराखडा तयार होण्याची वाट पाहत बसलो तर सल्लागार नेमण्यातच दोन वर्षे जातील. या एका मार्गावर दोन्ही बाजूंना कठड्याने वेगळी केलेली सायकलची पट्टी, अखंड पदपथ, पाळी सुटण्याच्या वेळी चालू असलेले दिवे आणि प्रत्येक चौकात पादचाऱ्याचा सिग्नल एवढे करावे, आणि त्याच वेळी बाळीवेस ते नवी पेठ हा भाग ताशी ३० चा म्हणून घोषित करावा. यापुढे महापालिकेच्या कोणत्याही रस्त्याच्या कामाला तांत्रिक मंजुरी देताना रस्त्याच्या छेदाचा नकाशा जोडणे आणि त्यात पदपथाची रुंदी मीटरमध्ये लिहिणे बंधनकारक करावे. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये आलेल्या कलम १९८-अ नुसार रस्त्याच्या रचनेत वा देखभालीत मानके न पाळल्याने मृत्यू किंवा अपंगत्व आले तर संबंधित प्राधिकरण, ठेकेदार आणि सल्लागार यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. त्या नकाशाखाली सही करणाऱ्या अभियंत्याला हे कलम माहीत असावे.

पुढच्या अंदाजपत्रकाच्या सभेपूर्वी या मार्गाबाबत आपला निर्णय काय, तो होकार असो की नकार, कारणांसह जाहीर करावा. ती सूचना वर्तमानपत्रातल्या निविदांच्या रकान्यात न देता पूर्व भागातल्या विभागीय कार्यालयांच्या दारावर लावावी, आणि मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि उर्दूतही लावावी, म्हणजे या रस्त्याने रोज जाणाऱ्यांना त्यावर हरकत किंवा सूचना देता येईल.

आपला विश्वासू,
पूर्व भागातील एक सायकलस्वार करदाता
सोलापूर